सह्याद्रीपलीकडचे रडार आणि आपला वळीव : गडगडाटी वादळांचा अभ्यास कसा करावा

बेळगाव शहरावर गडगडाटी ढग उभा राहिला की तो पाहण्यासाठी आपण भारतीय हवामान विभागाच्या ज्या डॉप्लर रडारची चित्रे उघडतो, ते रडार पणजीला आहे. सरळ रेषेत हे अंतर साधारण ८० किलोमीटर भरते. पण पणजीहून बेळगावकडे काढलेली रेषा चोर्ला घाटाजवळून जाते आणि तिथला सह्याद्रीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. सीमाभागातील वळवाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने, विद्यार्थ्याने किंवा शेतकऱ्याने रडारचे पहिले चित्र उघडण्याआधी एवढी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढची जवळजवळ सगळी खबरदारी तिच्यातूनच निघते. रडारला आपल्या ढगाचे पाय दिसत नाहीत. त्याला दिसतो तो ढगाचा मधला भाग आणि माथा. आणि ढगातली वीज जन्माला येते ती त्याच मधल्या भागात. म्हणून आपल्याकडे रडारचे चित्र आणि विजेच्या नोंदी शेजारी ठेवूनच वाचाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

किरण किती उंचीवरून जातो

हा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावासाठी एकदा हाताने करून पाहावा. किरण क्षितिजापासून जितके अंश वर झुकलेला असेल त्या कोनाची साइन किंमत अंतराने गुणावी. पृथ्वी गोल आहे आणि किरणही हवेत किंचित खाली वाकतो, त्यासाठी अंतराच्या वर्गाला १७,००० ने भागून येणारी संख्या तीत मिळवावी. अंतर किलोमीटरमध्ये घेतले की उंचीही किलोमीटरमध्ये मिळते. अँटेनाची स्वतःची उंची यात धरलेली नाही. ती मिळवली तरी थोडाच फरक पडतो.

आता चोर्ल्याचे उदाहरण घेऊ. पणजीपासून हा माथा सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. रडार एकेका कोनावर पूर्ण गोल फेरी मारते; त्यातल्या अर्ध्या अंशाच्या फेरीत तिथे किरणाचा मध्य जेमतेम ३८० मीटर उंचीवर असतो आणि किरणाची रुंदी एक अंश धरली तर त्याची वरची कडही ७०० मीटरच्या आत राहते. म्हणजे हा किरण डोंगरावर आदळतो आणि बेळगावपर्यंत त्याचा फारसा अंश पोहोचत नाही. दीड अंशाचा किरण माथ्यावरून बराचसा सुटतो, पण बेळगावावर येईपर्यंत त्याचा मध्य समुद्रसपाटीपासून अडीच किलोमीटरवर गेलेला असतो. शहर स्वतः सुमारे ७५० मीटरवर वसलेले असल्यामुळे जमिनीपासून ही उंची पावणेदोन किलोमीटर होते. निपाणी पणजीपासून सुमारे ११७ किलोमीटरवर आहे. तिथे दीड अंशाचा किरण ३.९ किलोमीटरवर असतो. गोकाक सुमारे १३० किलोमीटरवर आहे. तिथे तो ४.४ किलोमीटरवर असतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे शून्य अंश तापमानाची पातळी साधारण साडेचार ते पाच किलोमीटरवर असते, हे लक्षात घेतले तर गोकाकच्या आभाळात या किरणाला दिसू लागणारा थर बर्फाच्या उंबरठ्यावरचा आहे, हे कळते.

याचे परिणाम दूरगामी आहेत. पावसाच्या तीव्रतेचे जे चित्र हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मिळते ते खालच्या थरातील परावर्तनावरून, म्हणजे थेंबांवर आदळून रडारकडे परतलेल्या लहरींच्या जोरावरून, काढलेले असते, त्यामुळे आपल्या भागात त्याच्यावर विसंबू नये. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात पाणी तुंबलेले असताना चित्रात फिकट निळा ठिपका असणे शक्य आहे. ढगातून खाली कोसळणारा थंड वारा जमिनीवर आदळून पसरतो तो खालच्या एक किलोमीटरात, आणि तोही आपल्याला रडारमध्ये दिसणार नाही. चित्रात प्रतिध्वनी नाही याचा अर्थ पाऊस नाही असा घेऊ नये. बिदर, भालकी, औराद या सीमाभागातील वाचकांनी हैदराबादच्या रडारची चित्रे घ्यावीत. बिदर तिथून सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि मध्ये सह्याद्री नाही, तरी निव्वळ अंतरामुळे अर्ध्या अंशाचा किरणही तिथे रडारच्या पातळीपासून पावणेदोन किलोमीटर वर गेलेला असतो.

सकाळचे काम

वादळाचा दिवस सकाळीच ओळखण्याचा प्रयत्न करावा. पणजीहून हवामान विभाग फुगा सोडतो. त्याच्या पहाटे साडेपाचच्या नोंदी अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ४३१९२ या स्थानक क्रमांकाखाली विनामूल्य पाहता येतात. त्यातून तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात : शून्य अंशाची पातळी, उणे दहा अंशांची पातळी आणि सहा किलोमीटरपर्यंत वाऱ्याचा वेग व दिशा कशी बदलते ते.

ढगाला वर उचलणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे केपचा, तयार आकडाही तिथे दिलेला असतो; तो मात्र जसाच्या तसा घेऊ नये. तो समुद्रकाठच्या हवेचा आकडा आहे. बेळगावला जमिनीवरचा हवेचा दाबच साधारण ९२५ हेक्टोपास्कल असतो, त्यामुळे पणजीच्या फुग्याच्या नोंदींचा जो आलेख तिथे मिळतो त्यातील या पातळीखालचा दमट थर आपल्यासाठी अस्तित्वातच नसतो. दुपारी बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या निरीक्षणातून तापमान आणि दवबिंदू घ्यावा आणि त्या दोन आकड्यांनी ९२५ च्या पातळीपासून आलेख नव्याने काढावा. तोच आकडा आपल्या पठाराचा. हवामान विभागाच्या पत्रकात विदर्भापासून अंतर्गत कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचा किंवा खंडित वाऱ्यांचा उल्लेख असेल तर त्याचीही नोंद करावी, कारण घाट चढून येणारी समुद्राकडची दमट हवा आणि पूर्वेकडची कोरडी हवा जिथे भेटतात तिथे वळवाचे ढग वाढायला वाव मिळतो.

रडारची चित्रे वाचताना

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या चित्रांपैकी आपल्या कामाचे मुख्य चित्र कमाल परावर्तनाचे आहे. त्यात नकाशाच्या प्रत्येक ठिपक्यावर, सर्व उंचींतून मिळालेले सर्वांत मोठे परावर्तन रंगाने दाखवलेले असते आणि वरच्या व उजव्या कडेला उंचीचे पट्टे असतात. बहुतेक लोक मधला नकाशा पाहून थांबतात. अभ्यासकाने आधी कडेचे पट्टे पाहावेत. नकाशातील ढगापासून सरळ वर रेघ ओढली की वरच्या पट्ट्यात त्याची उंची मिळते. एकाच रेषेत दोन ढग असतील तर पट्ट्यात ते एकमेकांवर चढतात, म्हणून उजवा पट्टाही ताडून पाहावा आणि दोहोंत एकच उंची येत असेल तरच ती लिहावी.

इथे उंचीला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी ढगाच्या आत डोकावावे लागते. शून्याखाली दहा ते वीस अंशांच्या थरात अतिशीत पाण्याचे थेंब, बर्फाचे बारीक स्फटिक आणि ग्रॉपेल म्हणजे साबुदाण्यासारख्या मऊ गारा एकत्र नांदतात. चढत्या हवेबरोबर वर जाणारे हलके स्फटिक जड ग्रॉपेलवर आपटून निसटतात. त्या घर्षणात सर्वसाधारणपणे स्फटिक धन भार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात आणि ग्रॉपेल ऋण भारासह मध्यावर राहते. थर जितका भरलेला आणि चढती हवा जितकी जोरकस, तितका भार लवकर साठतो. म्हणून उणे दहा अंशांच्या पातळीवर, म्हणजे आपल्याकडे साधारण साडेसहा किलोमीटरच्या आसपास, परावर्तन ४० डीबीझेडपर्यंत (डीबीझेड हे परावर्तन मोजण्याचे एकक) पोहोचले की लवकरच वीज चमकेल असे मानावे. ही कसोटी अनेक देशांत वापरून पाहिलेली आहे. आपल्या सुदैवाने पणजीच्या किरणाला हा थर डोंगर आड न येता दिसतो. याच पातळीच्या वर ५५ डीबीझेड किंवा त्याहून अधिक परावर्तन दिसले तर गारपिटीची शंका घ्यावी. मात्र जमिनीवर येईपर्यंत गार किती वितळली हे रडार सांगू शकत नाही.

वेगाचे चित्र काळजीपूर्वक वापरावे. डॉप्लर रडारला फक्त त्याच्याकडे येणारा किंवा त्याच्यापासून दूर जाणारा वारा मोजता येतो. बेळगाव पणजीच्या ईशान्येला, किंचित पूर्वेकडे झुकलेल्या दिशेत आहे. त्यामुळे बेळगावहून पणजीच्या रोखाने सुटलेला सोसाट्याचा वारा पूर्ण वेगाने दिसेल. पण वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा तितकाच जोरदार वारा जवळजवळ शून्य दिसेल. शून्य वेगाचा पट्टा शांत हवेचा असतोच असे नाही.

संकेतस्थळावरील चित्रे थोड्या वेळाने बदलतात आणि जुनी पुन्हा मिळत नाहीत. वादळाच्या दिवशी दर दहा मिनिटांनी चित्र जतन करावे आणि फाइलच्या नावातच तारीख व वेळ लिहावी. चित्र आले नाही तर वहीत ‘चित्र नाही’ असे लिहावे. तिथे शून्य लिहू नये. ज्यांना मूळ आकडे हवे आहेत त्यांनी हवामान विभागाच्या पुण्यातील माहिती पुरवठा संकेतस्थळावर रीतसर मागणी करावी. ते आकडे पायथनमधील पाय-आर्ट या विनामूल्य संचाने उघडून हवा तिथे ढगाचा उभा छेद घेता येतो.

विजेच्या नोंदी कुठून घ्याव्यात

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१४ पासून आधी महाराष्ट्रात आणि पुढे देशभर विजेची जागा शोधणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले. वीज चमकली की रेडिओ लहरी उठतात. त्या निरनिराळ्या संवेदकांवर किती वेळाच्या फरकाने पोहोचल्या यावरून जागा काढली जाते. ‘दामिनी’ हे ॲप याच जाळ्यावर चालते आणि गेल्या काही मिनिटांतील विजा वेगवेगळ्या रंगांत दाखवते. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे ‘सिडिलु’ हे ॲपही आपल्या जिल्ह्यांसाठी उपयोगी आहे. दोन्ही ॲप जीव वाचवण्यासाठी बनवलेली आहेत. त्यांत इतिहास साठत नाही, म्हणून अभ्यासासाठी पडद्याचे चित्र दर पाच मिनिटांनी घ्यावे लागते. महाविद्यालयाच्या पत्रावर संस्थेकडे मागणी करून प्रत्येक विजेची वेळ, अक्षांश, रेखांश, प्रकार आणि प्रवाह असलेली यादी मिळवता आली तर कामाला खरा पाया मिळतो.

अशी यादी हाती आल्यावर आधी ती साफ करावी. जमिनीवर कोसळणारी एक वीज बहुधा त्याच वाटेने अनेकदा कडाडते आणि यादीत ते प्रत्येक कडाडणे वेगळे लिहिलेले असू शकते. साधारण दहा किलोमीटरच्या आत आणि अर्ध्या ते एका सेकंदाच्या आत आलेल्या नोंदी मिळून एक वीज धरावी. दहा-पंधरा किलोअँपिअरपेक्षा कमी धन प्रवाहाची ‘जमिनीवर पडलेली’ वीज दिसली तर ती बहुतेक वेळा ढगातल्या ढगातलीच असते; ती तशी वर्ग करावी. ढगातल्या विजांना कमी लेखू नये. त्या संख्येने जमिनीवरच्या विजांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि ढगाच्या चढत्या हवेचा जोर त्यांच्यातूनच आधी कळतो.

उपग्रहाच्या नोंदी वेगळ्या कामाच्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१७ ते २०२३ या काळात बसवलेला विजेचा कॅमेरा एका ठिकाणावरून जाताना सुमारे ९० सेकंदच पाहत असे, त्यामुळे एका वादळाच्या अभ्यासाला तो पुरत नाही. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून कोणत्या महिन्यात विजा अधिक, एवढेच त्यातून पाहावे.

सगळे एका घड्याळावर आणणे

माझ्या पहिल्या हंगामाची वही या एका चुकीमुळे निकामी झाली. रडारच्या चित्रावरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि ॲपवरची वेळ भारतीय; दोहोंत साडेपाच तासांचा फरक. मी रडारची वेळ सकाळची समजून ती चित्रे बाजूला ठेवली होती आणि दुपारच्या विजांना जुळणारा ढग शोधत बसलो होतो. चित्रावर ११:१० असेल तर आपल्याकडे दुपारचे ४:४० वाजलेले असतात, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि प्रत्येक नोंद भारतीय वेळेत आणूनच तक्त्यात भरावी.

त्यानंतर जागेची जुळणी करावी. रडारला सर्व कोनांची फेरी पूर्ण करायला काही मिनिटे लागतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने सरकणारा ढग दहा मिनिटांत ६ किलोमीटर पुढे जातो. म्हणून दोन लागोपाठच्या चित्रांतून ढगाचा वेग काढावा आणि प्रत्येक मिनिटासाठी त्याचे केंद्र सरकवत न्यावे. या सरकत्या केंद्राभोवती दहा ते पंधरा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यातल्याच विजा मोजाव्यात. शेजारचा ढग वर्तुळात शिरला तर त्या क्षणापासून मोजणी वेगळी लिहावी. इन्सॅट-३डीआरचे चित्र सोबत वापरत असाल तर आणखी एक दुरुस्ती लागते : हा उपग्रह विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा आपल्याकडे खऱ्या जागेपेक्षा सुमारे ५ किलोमीटर उत्तरेला दिसतो.

विजांची उसळी

आता या सगळ्या तयारीचे फळ हाती येते. ढगातील चढती हवा एकाएकी जोर धरते तेव्हा ग्रॉपेल वाढते, टकरा वाढतात आणि विजांचे प्रमाण अचानक उसळते. अशा उसळीनंतर दहा-वीस मिनिटांनी जमिनीवर गारपीट किंवा विध्वंसक वारा येऊ शकतो, असे अनेक वादळांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. ती ओळखण्याची रूढ रीत अशी : दर दोन मिनिटांची सरासरी काढावी, लागोपाठच्या सरासऱ्यांमधले फरक लिहावेत, मागच्या पाच फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते आपल्या सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचे माप, काढावे आणि नवा फरक त्याच्या दुपटीहून मोठा असेल व विजा मिनिटाला किमान दहा असतील तर उसळी मानावी.

समजा एका ढगात मिनिटाला ११, १२, ११, १३, १२, १३ अशा सरासऱ्या आल्या आणि पुढची २२ आली. आधीचे फरक १, उणे १, २, उणे १ आणि १. त्यांचे प्रमाण विचलन साधारण १.२, त्याची दुप्पट २.४. नवा फरक ९. ही निःसंशय उसळी आहे. या क्षणी रडारच्या कडेच्या पट्ट्यात ४० डीबीझेडचा माथा वर सरकतो आहे का, ते लगेच पाहावे. दोन्ही गोष्टी एकत्र घडत असतील तर निष्कर्षाला बळ येते. मिनिटाला दहा हा उंबरठा मात्र ढगातल्या विजाही भरपूर टिपणाऱ्या परदेशी जाळ्यांवरून ठरलेला आहे. आपल्या यादीत ढगातल्या विजा कमी नोंदल्या जात असतील तर तो उंबरठा खाली आणावा लागेल, आणि तो किती खाली आणायचा हे तीस-चाळीस वादळांची स्वतःची वही झाल्यावरच ठरवावे. फक्त ॲपची चित्रे हाताशी असतील तर प्रमाण विचलनाचा हट्ट धरू नये. पाच-पाच मिनिटांचे ठिपके मोजून संख्या दुप्पट झाली का, एवढेच लिहावे.

शिवारातली नोंद

रडारला जो खालचा दीड-दोन किलोमीटरचा थर दिसत नाही, त्याची साक्ष जमिनीवरूनच मिळू शकते, आणि ही साक्ष गोळा करण्यात सीमाभागातील गावे फार मोठे काम करू शकतात. वाऱ्याचा पहिला थंड झोत कोणत्या दिशेने आणि किती वाजता आला, पहिली गार केव्हा पडली, पाऊस केव्हा ओसरला, हे घड्याळ पाहून लिहावे. गार हरभऱ्याएवढी की लिंबाएवढी हे ठीक आहे, पण ती पट्टीवर ठेवून मिलिमीटरमध्ये मोजावी आणि पट्टीसकटच छायाचित्र घ्यावे. मोठी गार सुरीने मधोमध कापली तर पांढऱ्या आणि पारदर्शक थरांची वलये दिसतात. तीही मोजावीत, कारण ती गार वेगवेगळ्या तापमानाच्या आणि ओलाव्याच्या हवेतून वाढत आल्याची खूण असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाचे फड पाहायला जावे. आडवा झालेला ऊस वाऱ्याची दिशा झाडापेक्षाही स्पष्ट सांगतो. सगळे फड एकाच बाजूला झोपले असतील तर सरळ झोत होता, आणि एका मध्यापासून चहूबाजूंना पसरलेले असतील तर ढगातून हवा खाली कोसळून पसरली होती, असे समजावे. होकायंत्राने प्रत्येक फडाची दिशा घेऊन ती नकाशावर बाणाने दाखवावी. ग्रामपंचायत पातळीवर बसवलेल्या पर्जन्यमापकांचे आकडे आणि सांबऱ्याच्या वाऱ्याच्या नोंदी त्याच नकाशावर चढवाव्यात.

हे करताना जीव धोक्यात घालू नये. २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसे मृत्युमुखी पडल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी वही मिटून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. राजहंसगडाच्या माथ्यावरून ढग सुंदर दिसतो, पण तिथून निरीक्षण अजिबात करू नये.

रोहिणी सरून मृगाचा पाऊस एकदा नीट लागला की ढग ठेंगणे होतात, विजा कमी होतात आणि पणजीच्या चित्रात घाटावर पसरलेली फिकट चादर दिसू लागते. त्या दिवसांत जमलेल्या चित्रांना तारखेवार लावावे, प्रत्येक वादळासाठी एका पानावर उणे दहाची पातळी, ४० डीबीझेडची कमाल उंची, उसळीची वेळ आणि शिवारातल्या पहिल्या गारेची वेळ अशा चार नोंदी उतरवाव्यात, आणि हस्ताच्या गडगडाटाआधी तक्ते आखून ठेवावेत.